गार इंजिनाचा ताप

वडिलांना जाऊन चार महिने झाले होते, आणि त्यांच्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा रोज लाल रेघेला टेकत होता. नेरुळच्या मिस्त्रीने सांगून टाकलं, ‘इंजिनाचं हेड गॅस्केट गेलं. भंगारात काढा.’ गाडी गेली की वडिलांचं हाताला लागेल असं फारसं काही उरणार नव्हतं. म्हणून क्षिप्रा मन मारून पावणे गावात, नूरीनच्या गॅरेजात आली.

नूरीन वडिलांची विद्यार्थिनी. वडील, म्हणजे श्यामसुंदर सर, आयटीआयमध्ये गाड्यांची दुरुस्ती शिकवायचे आणि निवृत्तीनंतर रविवारचे रविवार इथेच काढायचे. घरी मात्र क्षिप्राने बॉनेटला हात लावला की म्हणायचे, ‘तू वाच गं. हात कशाला काळे करतेस?’ तिने वाचलं. कपाटं भरून वाचलं.

त्या दिवशी नूरीनने गाडी ठेवून घेतली. ‘रात्रभर उभी राहू दे, ताई. सकाळी तुमी आल्याशिवाय स्टार्ट करत नाय.’

सकाळी तिने स्कॅनर जोडला, किल्ली अर्धीच फिरवली. इंजिन गप्प, पण त्याचा पंखा घरघरायला लागला.

‘बघा. हवा एकोणतीस डिग्री. इंजिनातलं पाणी एकशे बारा! रात्रभर उभी गाडी एवढी तापेल काय? हात लावा.’

इंजिन थंडगार होतं.

‘सर बोलायचे, पेशंट उठायच्या आधी ताप बघायचा. आधीच इंजिन चालू केलं तर ताप खरा की खोटा, कळणार कसं?’

वाक्य शंभर टक्के बाबांचं होतं. क्षिप्राने ते जन्मात ऐकलं नव्हतं.

नूरीनने तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग उपटला. आकडा धाडकन उणे चाळीसवर आला. ‘म्हणजे वायर ठीक आहे, नायतर आकडा पडला नसता. सेन्सर गेलाय. इंजिनाला काय झालं नाय. गाडी वाचली तुमची.’

आनंद व्हायला हवा होता. क्षिप्राच्या तोंडून निघालं, ‘मला वाटलंच होतं. बाबांनी शिकवलंय मला. सेन्सर बदलायलासुद्धा.’

‘हो? मग तुमीच काढा.’ नूरीनच्या आवाजात टोमणा नव्हता. तिने पाना पुढे केला.

क्षिप्रा वाकली. सगळा जोर लावला. सेन्सर हलेना.

‘उलट, ताई.’

तिने मान वर केली नाही. पाना उलट फिरवला. सेन्सर सुटला, गार हिरवं पाणी मनगटावरून ओघळलं.

मनगट पुसत तिने विचारलं, ‘तुझं चुकलं की बाबा असंच सांगायचे?’

‘सर? छे! पाना हिसकावून घ्यायचे. अशा शिव्या घालायचे की शेजारच्या गाळ्यातले लोक बघायला यायचे.’ नूरीन हसली, मग ओढणीने डोळे पुसू लागली.

क्षिप्राला त्यांनी कधी साधं ‘गाढव’सुद्धा म्हटलं नव्हतं. ती त्या एकेका शिवीचा हेवा करत तिथेच उभी राहिली.