काकूच्या वाटचं चालणं

शैलजाकाकूचं बीपी वाढलं, तेव्हा विजय नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीठ-तेल कमी करा आणि रोज सकाळी अर्धा तास भराभर चाला, नाहीतर हृदयावर बेतेल. अडचण एवढीच की सकाळी काकू पोहे करते आणि शंकररावकाकांना ते गरमच लागतात. काकांनी मोठ्या मनानं तोडगा काढला: काकूच्या वाटचं ते स्वतः चालणार.

"काका, असं कसं लागू पडेल?" मी विचारलं.

"का नाही? ती वटपौर्णिमेला उपाशी राहते, आयुष्य माझं वाढतं. मी चाललो की दिल तिचं सुधरेल. सीधी बात है, भिया."

काही मेंदू वापरायला न काढल्यामुळेच इतके कोरे राहतात. काका रोज चालून येत, भरपूर शेव घातलेले पोहे खात आणि काकूला म्हणत, "झालं हो तुझं आजचं."

पुढच्या तपासणीत बीपी आणखी चढलेलं निघालं.

"चालता ना?" डॉक्टरीणबाईंनी काकूला विचारलं.

"एक दिन नागा नाही!" काकाच उत्तरले.

दुसऱ्या दिवशी काकूनं गॅस बंद केला, साडीखाली माझे बूट चढवले आणि ती चालायला निघाली. काका फाटकापर्यंत धावले. मला वाटलं, पोह्यांचं विचारतील. पण माणूस खरोखरच काळजीत होता.

"अगं, तुझं चालणं मी आत्ताच करून आलोय! दोनदा झेपेल का तुझ्या दिलाला?"

काकू तोवर कोपऱ्यावरून वळलीसुद्धा होती.