बरणी क्रमांक चार

मी नोकरीला लागले तेव्हा शेजारीण आईला म्हणाली होती, "लोक फुकट नाक खुपसतात, तुमच्या लेकीला त्याचा पगार मिळतो." खोटं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत वासांवर संशोधन चालायचं. ओल्या कुत्र्याचा वास किती मिनिटांत उतरतो, डाव्या पायाचा मोजा जास्त घाण की उजव्या, असल्या प्रश्नांमागे आमचे सर हात धुऊन लागलेले असायचे. मी बरण्या धुवायचे, चिठ्ठ्या चिकटवायचे आणि सांगतील ते हुंगायचे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर, पण नाक पक्कं. त्याचा मला भारी तोरा होता.

मागच्या महिन्यात ती जुनी इमारत रिकामी करायची ठरली. फ्रीजर उपसायचं काम माझ्याकडेच आलं, कारण कुठल्या बरणीत काय आहे हे आता दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही. सगळे नमुने जाळायचे होते. तळाशी, बर्फाच्या थराखाली, चार नंबरची बरणी निघाली. आत बत्तीस वर्षांपूर्वीचा बाबांचा बनियन. मी इकडेतिकडे पाहिलं आणि बरणी पिशवीत टाकली. आयुष्यातली माझी पहिली चोरी.

तेव्हा सरांना बघायचं होतं, की डोळे बांधलेला माणूस आपल्या रक्ताच्या माणसाला नुसत्या वासावरून ओळखतो का. आम्ही आठ जणांनी घरून एकेक बनियन आणायचा होता. दोन दिवस-रात्र अंगात घातलेला. त्या दिवसांत साबण नाही, अत्तर नाही, कांदा-लसूण नाही. काढला की तसाच पिशवीत बंद. तपासणीसाठी सर त्यात एक धुतलेला, कोरा बनियन घालणार होते.

बाबा कुलुपं दुरुस्त करायचे. पितळेचा कीस, मशीनचं तेल आणि घाम, असा त्यांचा वास. सर्दी झाली तरी ओळखेन, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि दोन नंबरच्या बरणीत मला बाबा सापडले, ते निघाले लिफ्टमनचे काका! चार नंबरला मी एकदा हुंगलं आणि ठसक्यात लिहून दिलं, "ही कोरी. बरणीत माणूसच नाही." ती चिठ्ठी अजून बरणीवर होती.

बाकी सातही जणांनी आपापलं माणूस ओळखलं. सर मात्र माझ्यावरच खूश. त्यांनी माझ्यावर अर्धं पान लिहिलं: फार जवळचा वास नाक मोजतच नाही, जसा आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. बाबा इतके शास्त्रीय नव्हते. दारात आले की ओरडायचे, "दार उघडा, माणूसच नाही आलाय!" जेवताना म्हणायचे, "मला कशाला वाढता? इथे माणूसच नाही." मी ताटं आपटायचे. ते पोट धरून हसायचे.

ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. काही महिने त्यांच्या हत्यारांच्या पेटीला त्यांचा वास होता, मग तोही गेला. आपल्याला आपला बाप ओळखता आला नाही, ही गोष्ट तेव्हापासून फार टोचते. मी सरांचं ते अर्धं पान धरून बसले. जवळ होते म्हणून कळले नाहीत ना? मग आता अकरा वर्षं लांब आहेत. आता कळायलाच हवेत.

बरणी घेऊन मी थेट आईकडे गेले. थंडीतून काढलेली बरणी तासभर उघडायची नाही, ही आमची पद्धत. ती टेबलावर ठेवली आणि आईला सगळं सांगितलं.

"उघडू नकोस," आई म्हणाली.

"का?"

"जुनं आहे. उगाच खोकला येईल."

तास झाला. मी झाकण काढलं, डोळे मिटले, पद्धतीप्रमाणे तीन छोटे श्वास घेतले. साबण. त्यामागे इस्त्रीचा किंचित करपट वास. पुन्हा तीन. साबण. मग मी पद्धत सोडली आणि बरणीत तोंड खुपसलं.

"आई, काहीच नाही गं. नुसता साबण," म्हणताना मला रडू फुटलं.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "असणारच," ती म्हणाली. "मी धुतला होता."

"काय?"

"दोन दिवसांचा मळका बनियन सात-आठ परकी माणसं हुंगणार! काय म्हटलं असतं लोकांनी मला? पहाटे उठून धुतला, इस्त्रीने सुकवला आणि दिला तुझ्या हातात."

बत्तीस वर्षं! सरांचं ते अर्धं पान माझ्या आईच्या साबणावर उभं होतं.

"बाबांना माहीत होतं?"

"तू निकाल सांगितलास तेव्हाच मी ह्यांना आत नेऊन सांगितलं. म्हणाले, गप्प बस. पोरीची नोकरी कच्ची आहे. तिच्या घरच्यांनीच प्रयोग बिघडवला असं कळलं तर काढतील तिला. मी चिडवत राहतो, म्हणजे तिलाही शंका यायची नाही."

"आणि नोकरी पक्की झाल्यावर?"

"तू फार छान चिडायचीस गं. ह्यांना सवयच लागली." आई हसली आणि मग बरणीचं झाकण उगाच पदराने पुसू लागली. "तेव्हा धुतला नसता, तर आज सापडले असते तुला."

मी तिचा हात धरला. रागवायला गेले होते, पण रागवू कुणावर?

"नाक बरोबर होतं माझं," मी म्हणाले.

चिठ्ठीवरचं अक्षर न् अक्षर खरं होतं. बरणीत माणूस नव्हताच. तो रोज संध्याकाळी, अंगावर पितळेचा कीस घेऊन, माझ्यासमोर बसून माझी नोकरी सांभाळत होता, आणि मी ताटं आपटत होते.