कंपोस्टची ऊब

मुरबाडजवळच्या मळ्यावर अळंबीची खोली सहा वर्षं थोरली सून शीतलच सांभाळत होती. दारात पाऊल टाकताच गालाला लागलेल्या हवेवरून एसी कधी चालवायचा ते तिला कळायचं. यंदा धाकटी जाऊ आली, मिताली. इंजिनीअर. तिनं भिंतींवर तापमापी लावले आणि लॅपटॉपमध्ये तीच खोली गणितानं उभी केली: पत्र्यातून किती ऊन शिरतं, भिंत किती वेळ तापलेली राहते, एसी किती उष्णता बाहेर काढतो. त्या गणितावर एसी आपोआप चालवणारं यंत्र बसायचं होतं.

रिकाम्या खोलीत गणित तंतोतंत जुळलं. सासरे आप्पा शेजाऱ्यांना बोलावून दाखवू लागले, "आमची मिताली बघा! घरात बसून खोलीचा ताप सांगते." शीतल चहा देत होती. तिचं काम बघायला आप्पांनी कधी कुणाला बोलावलं नव्हतं. तिच्या जिवाचा जळफळाट झाला.

मग बी पेरलेल्या पिशव्या आत आल्या. बी पसरू लागलं की पिशवीतलं कंपोस्ट स्वतःच तापतं, हे शीतलला ठाऊक होतं. मितालीच्या गणितात ते नव्हतं. ओठांवर आलेलं शीतलनं गिळलं. पडू दे एकदा तोंडावर!

आठव्या दिवशी भिंतीवरचे तापमापी चोवीस दाखवत होते, म्हणून यंत्रानं एसी बंदच ठेवला. मधल्या मांडणीवरच्या चाळीस पिशव्या आतून तापून बी मेलं.

"हीच काय तुझी विद्या?" आप्पा कडाडले.

मिताली मान खाली घालून पिशव्या बाहेर काढू लागली. शीतलला बरं वाटलं, पण घटकाभरच. तिनं एक पिशवी उचलली.

"आप्पा, मला माहीत होतं. मीच नाय सांगितलं."

मितालीचे डोळे भरले. ते पुसून ती म्हणाली, "मग आता सांगा, ताई. कुठल्या दिवशी किती तापतं?"

"तिसऱ्याला कोमट. पाचव्यापासून चढतं. थंड ठेवलं नाय तर आठव्याला हात ठेववत नाय."

मितालीनं पिशव्यांतच तापमापी खोचले, कंपोस्टची ऊब गणितात घेतली. पुढची खेप सुखरूप निघाली. आप्पांनी पुन्हा शेजारी जमवले, तेव्हा मितालीनं शीतलचा हात धरून तिला पुढे ओढलं.

"हे ताईंनी शिकवलं."

शीतल हसली. पण आत खुपलंच: एवढं मोठं मनही हिच्याकडेच असावं?