मोठ्या तोंडाचं भिंग

“ह्याच्यात माही द्वारका कुठं हाय?” पार्वतीबाईंनी फोटो खिडकीपाशी नेऊन विचारलं.

नर्मदाबाईंनी बोट ठेवलं. कडुनिंब स्वच्छ आला होता. फांदीचे दोर, कोपऱ्यातला रांजण, सगळं नीट होतं. झोक्याच्या जागी मात्र पांढरा धुरकट पट्टा होता. त्या पट्ट्यात कुठंतरी पार्वतीबाईंची लेक द्वारका होती.

“पंचमीला आभाळ भरलेलं व्हतं, बाई. एवढ्याशा उजेडात आमचं भिंग लई वेळ घेतं. तेवढ्यात झोका हिकडचा तिकडं जातो.”

पार्वतीबाई रागावल्या नाहीत. तेच नर्मदाबाईंना जड गेलं.

“बसलेला फोटो हाय माझ्यापाशी, लग्नातला. मान खाली घालून बसलीय. मला ती माहेरी आल्यावानी पाह्यजे व्हती. असू द्या. पुढच्या पंचमीला येईलच की ती.”

हिंगोलीच्या स्टेशन रस्त्यावर नर्मदाबाईंचं फोटोचं दुकान होतं. दुकान खरं म्हणजे नवऱ्याचं, धर्मसिंगचं. छावणीबरोबर उत्तरेकडून आलेल्या परदेशी घरातला तो माणूस. तो विषमज्वरानं गेला, तेव्हा फोटोच्या काचेच्या प्लेटा धुण्याचं काम बाईंच्या हाती होतंच. त्यांनी कॅमेराही हाती घेतला. गावोगावच्या जमीनदारांच्या बायका पुरुषापुढं बसत नसत, त्या बाईंपुढं बसल्या. पण पोट चालायचं ते शाळेच्या आणि कचेरीच्या ग्रुप फोटोंवर. धर्मसिंगच्या भिंगात चाळीस माणसं या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी यायची. फक्त हलायचं नाही.

थंडीत दुसरं भिंग घ्यायला भावाला, उत्तमसिंगला, सोबत घेऊन त्या सिकंदराबादला गेल्या. जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानदारानं दोन भिंगं पुढं ठेवली. एक नवं, धर्मसिंगच्या भिंगाच्याच जातीचं. दुसरं जुनं, जाडजूड, वाटीएवढ्या तोंडाचं.

“नवावाला लेव, बाई. कोने तक साफ आता. ये पुराना रोशनी बहुत लेता, मगर किनारे धुंदले पडते.”

बाईंनी दोन्ही आपल्या कॅमेऱ्यावर चढवून पाहिली. डोक्यावरून काळं फडकं घेतलं. नव्या भिंगातून दुकानाचा मागचा भाग विहिरीसारखा काळा दिसत होता. जुनं चढवलं आणि त्याच अंधारात एक शिंपी दिसला. मशीनवर चालणारा त्याचा हातसुद्धा दिसला.

“हे द्या,” त्या फडक्याखालूनच म्हणाल्या.

जवळचे पैसे पुरेनात. दुकानदार धर्मसिंगचं भिंग बदल्यात घ्यायला तयार होता.

“ताई, ग्रुपचं काय करशील?” उत्तमसिंगनं विचारलं. “कडेचे लोक पुसट आले तर कोण बोलावील?”

बाईंनी नवऱ्याचं भिंग पदरानं पुसलं, फुंकर मारून पुन्हा पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

उत्तमसिंगचं खरं झालं. उन्हाळ्यात शाळेनं ग्रुपसाठी परभणीहून फोटोवाला आणला.

अठ्ठेचाळीसची पंचमी आली तेव्हा रझाकारांच्या धाकानं निजामाचा सारा मुलूख घाबरलेला होता. गावात राहणं नको म्हणून पार्वतीबाईंचे यजमान सेनगावकडचं घर बंद करून हिंगोलीत भाड्यानं राहत होते. द्वारकेचं सासर पैनगंगेपलीकडे, रिसोडकडे. सरहद्दीवर नाके बसलेले, टपाल बंद. बाहेरून माल येईना. नर्मदाबाईंजवळ चांगली अशी एकच प्लेट उरली होती.

तरी त्या कॅमेरा घेऊन गेल्या. परसात चिंचेला झोका बांधलेला होता. आभाळ गच्च होतं.

“ती न्हाई आली,” पार्वतीबाई म्हणाल्या. “नदी वलांडून येणार कशी? शेजारच्या पोरींचे काढा.”

“एकच प्लेट हाय, बाई. भिंगबी द्वारकेसाठीच आणलं व्हतं.”

पार्वतीबाईंनी रिकाम्या झोक्याकडं पाहिलं. मग जावेला म्हणाल्या, “गोजरबाई, मधलं दार लाव. मीच बसते. तिला तिकडं आई तरी दिसंल.”

पंचेचाळिशीची बाई फळीवर बसली आणि पहिल्यांदा पायच उचलेना. गोजरबाईंनी मागून हात दिला. नर्मदाबाईंनी दोरीनं अंतर मोजून ठेवलं होतं. हे भिंग एकाच अंतरावरचं धड दाखवायचं. वीतभर पुढंमागं झालं की सगळं विरघळायचं. पण झोका पार वर जाऊन परत फिरतो, तिथं तो पापणी लवेपर्यंत थांबतो. ती जागा त्यांनी धरली होती.

पहिल्या झोक्याला पार्वतीबाईंचे ओठ घट्ट मिटलेले. नर्मदाबाई थांबल्या. पाचव्यालाही थांबल्या.

“काढा की,” गोजरबाई म्हणाल्या. “काहून थांबून राहिल्या?”

सातव्या का आठव्या झोक्याला पार्वतीबाईंचा पदर डोक्यावरून घसरला. त्यांनी तो सावरला नाही. मान मागं टाकून त्या आभाळाकडं पाहू लागल्या, आणि नर्मदाबाईंनी कळ दाबली.

संध्याकाळी प्लेट धुतली. चिंच धुरासारखी होती, दोर अर्ध्यातच विरले होते. पण चेहरा होता. उघडं तोंड, कपाळावरचे केस, हवेत सुटलेले दोन्ही पाय.

भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, नाके उठले. टपाल सुरू झालं त्या दिवशीच पार्वतीबाई दुकानात आल्या. फोटो त्यांनी हातात धरून पाहिला.

“येवढी म्हातारी झाले व्हय मी?” त्या म्हणाल्या. मग, “पाठवा तिला. पत्ता तुमीच घाला, मला लिहिता येत न्हाई.”

नर्मदाबाईंनी पाकीट केलं, आत पुठ्ठा घातला. “मागं दोन शब्द लिहू का? तिला काय सांगायचं?”

पार्वतीबाईंना बरंच सांगायचं असावं. बंद करून आलेलं घर, झोपेविना गेलेल्या रात्री.

“आई बरी हाय म्हणा,” त्या म्हणाल्या. “बस, येवढंच.”

नर्मदाबाईंनी फोटो उपडा ठेवला आणि शिसपेन्सिलीनं लिहिलं. चेहऱ्यावर वळ उमटू नये म्हणून अगदी हलक्या हातानं.