वायसर उलटा बसलाय

सूनबाई वाचनालयात काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर चित्रं काढत बसायची. एका कागदाला मधोमध काप देऊन नीट घड्या घातल्या, की तळहाताएवढी आठ पानांची पुस्तिका होते. तिच्यात ती छोटीशी चित्रकथा रचायची, दहा-बारा झेरॉक्स काढायची आणि मैत्रिणींना वाटायची.

या वेळी तिने चक्क सासऱ्यांवरच कथा केली. चाळीस वर्षं प्लंबर म्हणून राबून ते नुकतेच घरी बसले होते. कथेत ते ऐटीत गळका नळ दुरुस्त करायला निघतात, आणि त्यांच्याआधी त्यांच्या मिशाच दारातून आत शिरतात. नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने चहाच्या वेळी पुस्तिका थेट वडिलांच्या हातात ठेवली.

सासऱ्यांनी चष्मा लावला. एकदा वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"मिशा ठीक आहेत," ते म्हणाले. "पण सूनबाई, वायसर उलटा बसलाय. रबर खाली हवं. असा नळ जन्मात गळायचा थांबणार नाही."

"मग तुम्हीच काढून दाखवा ना, बाबा."

त्यांनी खरंच पट्टी-पेन्सिल मागवली. नळ असा काढला, की आतला आटा न् आटा मोजून घ्यावा. शेजारी माणसाचा हात काढला, तो मात्र हुबेहूब वांगं! सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग ठरलं, नवी पुस्तिका दोघांनी मिळून करायची: माणसं सूनबाईची, नळ सासऱ्यांचे.

भांडणंही झाली. त्यांना दुरुस्तीची प्रत्येक पायरी दाखवायची होती, तिला गंमत हवी होती.

"गंमत कसली त्यात?" ते कुरकुरले. "गंमत म्हणजे, नवा होतो तेव्हा मी भलताच कॉक बंद केला आणि वरच्यांचं पाणी तोडलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अंगभर साबण लावून जिन्यात आले आणि माझ्या नावाने बोंब ठोकली!"

"बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं?"

साबणवाल्या गृहस्थांना तिने पुस्तिकेतली दोन पानं दिली. तीस प्रती निघाल्या. सासऱ्यांनी एकेक घडी नखाने दाबून बसवली आणि ते ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानात गठ्ठा ठेवून आले.

पंधरा दिवसांनी सासरे आणि सूनबाई दोघं पॉलिशपेपर आणायला त्याच दुकानात गेली. एक बाई दुकानदाराला सांगत होत्या, "पाचवं पान समोर धरलं आणि माझा मी नळ दुरुस्त केला! हसता हसता पाना दोनदा हातातून पडला. कुणी केलंय हो हे?"

दुकानदाराने नुसती या दोघांकडे मान वळवली. सासरे घसा खाकरून पुढे झाले.

"ही माझी सूनबाई. सगळं तिचंच आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, मिशीवरून हात फिरवत, "नळ तेवढे माझे."