लाल शाईचा दंड

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासत होती, म्हणजे घासायचं नाटक करत होती. मशीन नुसतंच फिरत होतं आणि बाईचा सगळा जीव फोनमध्ये अडकला होता. सकाळीच वहिनीने कळवलं होतं. दादाचं हृदयाचं ऑपरेशन उद्याऐवजी आजच दुपारी होणार होतं आणि डॉक्टर फारशी आशा देत नव्हते. तिथे पोचायला तिला अख्खा दिवस लागला असता.

आईला कोणी सांभाळायचं यावरून बहीणभावाचं वाजलं, तेव्हा "तू मला मेलास" असं ही फोनवर बोलून बसली होती. पुढे आई गेली, वर्षं लोटली, तरी दोघं बोलली नाहीत. आज दादा आत जायच्या आधी तिला ते शब्द परत घ्यायचे होते. फोन करायची छाती नव्हती, म्हणून मेसेज.

बरं, मेसेज तरी सरळ लिहावा! पण स्वतःच्या लिहिण्यावर हिचा काडीचा विश्वास नाही. तिने धाव घेतली 'लाल शाई' ग्रुपकडे. एकमेकांना कधी न भेटलेली हौशी मंडळी तिथे टोपणनावांनी एकमेकांच्या गोष्टी तपासायची आणि मनसोक्त टिंगल करायची. चूक सापडली की लिहिणाऱ्याने दंड म्हणून यमक जुळवून दोन ओळी लिहायच्या. दंड भरल्याशिवाय पुढची दुरुस्ती मिळत नसे.

खरं सांगायची तिला लाज वाटली. "माझ्या गोष्टीतली बहीण आजारी भावाला मेसेज करते," तिने लिहिलं. "बघता का? जरा घाई आहे."

"चार वेळा 'माफ कर'? ही बहीण आहे की पोपट?" पूर्णविराम म्हणाले. हे निवृत्त मुद्रितशोधक, ग्रुपवरचे सगळ्यात खडूस. "दंड!"

"वाचून माझा रुमाल भिजला," खोडरबरने री ओढली. हा कुठल्याशा हॉटेलात आचारी होता. "रडणं निम्मं कर."

डोळे भरून येत होते आणि ही बया यमक जुळवत बसली.

"पोपट झाला शहाणा,
एकदाच म्हणे, माफ करा ना!"

वाहवा झाली आणि पुढची दुरुस्ती आली. ती तिने दादाच्या चॅटमध्ये टाइप केली, वाचली, परकी वाटली, खोडली. पुन्हा ग्रुपवर. पुन्हा चूक, पुन्हा दंड. हे असं किती वेळ चाललं, तिलाच कळलं नाही.

"ताई, गिऱ्हाईक ताटकळलंय," मालकांनी दारातून डोकावून विचारलं. "झाली का काच?"

"झालीच," ती म्हणाली. काच अजून हातातसुद्धा घेतली नव्हती.

अखेर दोन वाक्यं उरली. 'दादा, मी बोलले ते खोटं होतं. मला तू हवा आहेस.'

"आता कशी बोलली पोरगी!" पूर्णविराम म्हणाले. "पास."

तिने डोळे मिटून मेसेज पाठवला. वाचल्याच्या खुणा निळ्या झाल्या आणि लगेच फोन वाजला. वहिनी होती.

"अगं, मी वाचला. फोन माझ्याकडे आहे. यांना नेलं आत."

"कधी?"

"आत्ताच गं. जरा आधी..."

"सकाळपासून लिहितेय गं मी!"

"माहितेय. ते तुझंच चॅट उघडून बसले होते. 'टायपिंग' यायचं, जायचं, परत यायचं. न्यायला आलेल्या माणसांना म्हणाले, थांबा जरा, बहीण लिहितेय. दोनदा परत पाठवलं त्यांना. तिसऱ्यांदा डॉक्टरच चिडले."

आपण पोपटावर यमक जुळवत होतो तेव्हा दादा आपली वाट बघत होता, एवढंच डोक्यात घणघणत राहिलं.

"काही म्हणाला का?" तिने कसंबसं विचारलं.

"फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, तिने काहीही लिहिलं तरी 'हो' म्हणून टाक."

वहिनीने फोन ठेवला. दादाच्या नावाखाली 'टायपिंग' आलं, आणि मग एकच शब्द आला. हो.

ग्रुपवर खोडरबर विचारत होता, "मग? भाऊ काय म्हणतो? गोष्ट पुढे लिही की!"

तिने मशीन बंद केलं आणि दुकानभर ऐकू जाईल अशी रडली.