एका टिंगसाठी दोन सीडी प्लेयर

मित्रांनो, आधी मला थोडं तापू द्या. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, आणि आम्हा जुन्यांच्या अंगात ऊब यायला जरा वेळ लागतो. पण आज मला धीरच धरवत नाही. गेल्या रविवारी आमच्या घरी नवा सीडी प्लेयर निवडला गेला! तुम्ही म्हणाल, त्यात एवढं उड्या मारण्यासारखं काय आहे? ऐका तर खरं. आवाज वाढवणं हा माझा धंदाच आहे, तेव्हा गोष्टही कुठे वाढली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. पांढरे कोट घातलेल्या बायका ओळीने बसायच्या. एकीने माझ्या पोटात तारा भरल्या, दुसरीने त्यांना कथिलाचे डाग दिले, तिसरीने झाकण लावून स्क्रू पिळले. शेवटी एक चष्मेवाले तपासनीस आले. त्यांनी माझं मोठं बटण फिरवलं, कान लावला आणि ‘हा टिकेल’ एवढंच म्हणाले. ते शब्द मला इतके आवडले, की आजही कुणी माझ्यावरची धूळ पुसली की मी ते मनात म्हणून घेतो.

मी स्वतः गात नाही, बरं का. कुणीतरी माझ्या कानात बारीक आवाजात गाणं सांगायचं आणि मी ते मोठं करून डाव्या-उजव्या स्पीकरकडे पोचवायचं, हे माझं काम. आजोबांनी मला घरी आणलं तेव्हा ते आजोबा झालेले नव्हते, चांगले काळेभोर केस होते त्यांना. आधी माझ्या सोबतीला तबकड्यांचा प्लेयर होता, मग कॅसेटवाला आला, मग सीडी प्लेयर आला. शेजारीपाजारी मुद्दाम ऐकायला यायचे. ‘काय आवाज आहे हो!’ असं कुणी म्हणालं की माझा लाल दिवा आणखी लाल व्हायचा. निदान मला तसं वाटायचं.

आजोबा दिवसभर टपाल कचेरीत पाकिटांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात त्रिकोण वाजवायचे. त्रिकोण म्हणजे पोलादाची सळी वाकवून केलेलं, दोरीला टांगलेलं वाद्य. त्यावर छोटी कांडी मारली की ‘टिंग’ वाजतं. बस्स, एवढंच. व्हायोलिनवाल्यांचे हात भरून येईपर्यंत त्यांचं चाललेलं असायचं, आणि आजोबा आपले मंचाच्या अगदी उजव्या टोकाला कांडी धरून पाळीची वाट बघत उभे. घरी येऊन म्हणायचे, “मारायला काय लागतं? थांबणं अवघड असतं!”

त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण झालं. एक माइक डावीकडे, एक उजवीकडे. त्याची सीडी निघाली. पुढे हाताला कंप सुटला आणि आजोबांनी वाजवणं सोडलं. त्या सीडीच्या शेवटच्या तुकड्यात व्हायोलिनं हळूहळू थांबतात, ढोल घुमत राहतो, आणि तिथे आजोबांची एकच टिंग आहे. त्यांच्या साऱ्या वाजवण्यातलं तेवढंच काय ते मागे उरलेलं.

पण मित्रांनो, ती टिंग घरात कुणालाच ऐकू येत नव्हती!

का येत नव्हती, ते मला पक्कं ठाऊक होतं. ती सीडी निघाली त्याच्या थोडंच आधी घरात नात जन्मली होती. तिचा पाळणा नेमका उजव्या स्पीकरला लागून होता. सीडी घरी यायच्या आधीच एकदा गाण्याने ती सारखी दचकून उठायला लागली, तेव्हा तिच्या आईने माझं बॅलन्सचं बटण, म्हणजे दोन स्पीकरमध्ये आवाज वाटून देणारं बटण, पार डावीकडे फिरवून टाकलं. उजवा स्पीकर गप्प झाला आणि बाळ झोपलं. आईचं काही चुकलं नाही. पुढे पाळणा माळ्यावर गेला. बाळाची भिंगरी झाली. घरभर गरगर फिरते म्हणून सगळे तिला याच नावाने हाक मारतात. पण बटण परत फिरवायचं मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. उजव्या स्पीकरवर फुलदाणी येऊन बसली आणि तो म्हणजे फुलदाणीसाठीच घेतलेलं स्टूल आहे असं सगळ्यांना वाटायला लागलं.

मी घसा फोडून सांगितलं असतं हो! पण आम्ही इतरांचे आवाज मोठे करणारे, आम्हाला स्वतःचा आवाज कुठला?

दर वेळी सीडी लागली की आजोबा पुढे सरकून बसायचे. “आता बघा... आता येईल...” आणि टिंगच्या जागी नुसता ढोल घुमायचा. “आजोबा, तुम्हाला डुलकी लागली असणार!” म्हणून भिंगरी लोळून हसायची. बाबाही सामील व्हायचे. “अप्पा, तुम्ही नुसतं उभं राहून टाळ्या घेतल्यात, कबूल करा.” मोठी माणसं घरात आजोबांना अप्पा म्हणतात. सुरुवातीला आजोबाही हसायचे. मग एकदा घरात कुणी नसताना त्यांनी एकट्याने सीडी लावली, डाव्या स्पीकरला कान टेकवला आणि संपल्यावर पुटपुटले, “मारली होती ना मी? की राहूनच गेली?” ज्या माणसाने आयुष्यभर आपली पाळी चुकवली नाही, त्यालाच आता स्वतःची खात्री वाटेना. त्या दिवसापासून त्यांनी ती सीडी लावणं सोडलं.

मलाही फारसं कुणी विचारेनासं झालं होतं. ज्याच्या त्याच्या कानात गाणी ऐकायची स्वतःची बोंडं आली. माझ्या डोक्यावर किल्ल्या, चष्मे आणि विजेची बिलं साठायला लागली. त्यातच माझा सोबती सीडी प्लेयर थकला. गाणं मध्येच अडखळायचं, खण उघडताना कण्हायचा. आणि त्याच्या या आजारपणामुळेच आमचं नशीब फिरलं, बघा!

“चांगला सीडी प्लेयर आणू या,” बाबा म्हणाले. आवाजातलं आपल्याला कळतं, असं बाबांचं मत आहे. “जुना प्लेयर बारीक आवाज गिळत असणार. अप्पांची टिंग त्यातच अडकलीय.”

भिंगरी तर टाळ्या पिटत नाचायलाच लागली. “जो प्लेयर आजोबांची टिंग ऐकवेल, तोच आपला!”

“राहू दे गं,” आजोबा म्हणाले. “नसेलच ती.” पण रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत येऊन बसले, हे मी माझ्या जागेवरून बरोबर टिपलं.

दुकानदार बाबांच्या ओळखीचे होते. “दुकानात सगळंच गोड लागतं. घरी नेऊन तुमच्या खोलीत, तुमच्या सीडीवर ऐका,” असं म्हणून त्यांनी दोन प्लेयर एका दिवसासाठी दिले. एक चंदेरी, निळ्या दिव्यांचा, अंगभर बटणंच बटणं. भिंगरीने त्याचं नाव ठेवलं चमको. दुसरा काळा, चपटा, मोजकी बटणं असलेला. तो झाला घुम्या. बाबांच्या हातात एक रंगीत जाहिरातही होती. एकाच डब्यात सगळं मावणारा संच! “हे दोन्ही जमले नाहीत, तर जुनं सगळंच काढून हा आणू,” ते म्हणाले. जुनं सगळंच म्हणजे मीसुद्धा!

पहिली पाळी चमकोची. बाबांनी वायर जोडली आणि खोली दणाणली! “ऐकलंत? याला म्हणतात आवाज!” बाबांची कळी खुलली. मग घुम्या लावला. तो शांतपणे वाजला. “हा अगदीच मिळमिळीत,” बाबांनी नाक मुरडलं. मी नुसता तडफडत होतो. अहो बाबा, चमको मला जास्त जोराने ढकलतोय, एवढंच! त्याच्या वेळी माझं आवाजाचं बटण जरा मागे घ्या, दोघांना सारख्या पातळीवर आणा आणि मग काय ते ठरवा! जो मोठ्याने बोलतो तोच खरा वाटतो, हे माणसांचं नेहमीचंच आहे.

पण टिंग? ना चमकोत, ना घुम्यात.

आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. “झालं समाधान? मला वाटतं, त्या दिवशी माझी राहूनच गेली. उगाच इतकी वर्षं तुम्हाला बसवून ठेवलं.” आणि ते आतल्या खोलीत निघून गेले.

घुम्याचं वाजणं चालूच होतं. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. तिने फुलदाणी उचलून खाली ठेवली आणि उजव्या स्पीकरवर धपकन बसली. बसली आणि लगेच उठली. पुन्हा बसली. मग धावत जाऊन डाव्या स्पीकरवर बसून आली.

“बाबा, तिकडच्यावर बसलं की खालून गुदगुल्या होतात. इकडच्यावर काहीच होत नाही!”

बाबांनी गुडघे टेकून उजव्या स्पीकरला कान लावला. तारा ओढून पाहिल्या, स्पीकरवर थापट्या मारल्या. “गेला की हा! नाहीतर हा अ‍ॅम्प्लिफायर गेलाय. म्हातारं खोड झालंय. काढा सगळंच मोडीत!” असं म्हणून त्यांनी माझी वायर उपटायला भिंतीकडे हात घातला.

“अहो, थांबा!”

ती आई होती. घुम्याची माहितीपुस्तिका मांडीवर घेऊन ती जमिनीवर बसली होती, पण नजर लागली होती उजव्या स्पीकरच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. “इथे पाळणा होता ना हिचा?” ती हळूच म्हणाली. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई! मीच गप्प केलाय त्याला! तू झोपावीस म्हणून!”

ती गुडघ्यांवर सरपटतच माझ्यापर्यंत आली. बटण धुळीने इतकं घट्ट बसलं होतं, की ओढणीचं टोक धरून फिरवावं लागलं. खर्रर्र, खर्र, खट्! आणि माझ्या उजव्या अंगातून गाणं धावत सुटलं! काय सांगू तुम्हाला! खोली एकदम रुंद झाल्यासारखी वाटली. जिथे इतकी वर्षं नुसती फुलदाणी होती, तिथे बासऱ्या होत्या, तुताऱ्या होत्या, माणसांची अख्खी रांग बसली होती!

“आजोबा!” भिंगरी किंचाळतच आत पळाली आणि त्यांना हाताला धरून ओढत घेऊन आली. आईने शेवटचा तुकडा पुन्हा लावला. व्हायोलिनं थांबली. ढोल घुमायला लागला. आणि उजवीकडून, अगदी स्वच्छ, टिंऽऽऽग! ढोल थांबला तरी तिची कंपनं हवेत तरंगतच होती.

“मारली होती,” आजोबा म्हणाले. मग एकदम मोठ्याने, “मारली होती! ऐकलंत ना? वेळेवर मारली होती! डुलकी म्हणे! उभं राहून टाळ्या म्हणे!” ते रागावत होते, हसत होते आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते, सगळं एकदमच. बाबांनी कान पकडले. भिंगरी आजोबांच्या कुशीत घुसली आणि तिथूनच ओरडली, “पुन्हा लावा!”

आता चमकोलाही न्याय्य संधी द्यायला हवी होती. आईने त्याला जोडताना माझं आवाजाचं बटण मागे घेतलं. “हा उगाच ओरडतो. याला दुसऱ्याइतकंच बोलू दे.” शाबास, आई! मग चमकोचं खरं रूप दिसलं. टिंग त्याच्यातही होती, पण ‘टिक्’ झाली की संपली. आजोबांनी भुवई उंचावली. “माझी टिंग एवढी आखूड नव्हती,” ते ऐटीत म्हणाले, आणि घुम्या कायमचा माझ्या शेजारी राहायला आला. शांत आहे, पण ऐकलेलं एक अक्षर गाळत नाही. आमची छान गट्टी जमलीय. जुन्या सोबत्याला भिंगरीने पुसूनबिसून दुरुस्तीला पाठवलंय. परत आला की तो तिच्या खोलीत राहील.

त्या रविवारी जेवणं थंड झाली तरी कुणी उठेना. घरातल्या सगळ्या सीडी खणातून बाहेर निघाल्या. प्रत्येकीत काहीतरी नवीन सापडत होतं! आईच्या आवडत्या गाण्यात उजवीकडून एक दुसरी बाई गात असलेली निघाली. “ही इतकी वर्षं इथेच गात होती?” आई थक्क झाली. “आणि मी पाठ केलेलं गाणं अर्धंच होतं?” माझ्या अंगावर चपात्या भाजता आल्या असत्या, इतका मी तापलो होतो. पण थकवा? छे! नावालाही नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणी जुना असेल, तर त्याला मोडीत काढण्याआधी एकदा त्याची धूळ पुसा आणि सगळी बटणं फिरवून बघा. आणि घरातलं एखादं माणूस ‘मी होतो तिथे’ असं म्हणत असेल, तर हसण्याआधी आपण त्याच्या बाजूचा आवाज बंद करून ठेवलेला नाही ना, तेही तपासा. माझी एवढीच विनंती आहे.

हल्ली घरी कुणी पाहुणे आले, की त्यांनी बूट काढायच्या आत भिंगरी त्यांना उजव्या स्पीकरजवळच्या खुर्चीत नेऊन बसवते. घुम्यात सीडी सरकवते, ओठांवर बोट ठेवते आणि कुजबुजते, “इकडेच बसा. माझे आजोबा या बाजूने येतात.”